मेलेल्याला गृहपाठ नाही

माझ्या वर्गाच्या आणि इंग्रजीच्या बाईंच्या वर्गाच्या मध्ये भिंत नाही, प्लायवूड आहे. हे बांधकाम ज्या कुणाला सुचलं त्याला समोर बसवून मला एकदा विचारायचं आहे, की बाबा रे, एका बाजूला भूमिती आणि दुसऱ्या बाजूला खून, हे तुझ्या नकाशात बसलं कसं? एकोणीस वर्षं मी त्या प्लायवूडच्या अलीकडे गणित शिकवलं आणि पलीकडे रोज कुणी ना कुणी मरत राहिलं. मी फळ्यावर वर्तुळ काढावं, स्पर्शिका कुठे टेकते ते दाखवावं, आणि नेमकी तेव्हाच पलीकडून विष प्यायल्याची इंग्रजी किंकाळी यावी. माझी मुलं स्पर्शिका सोडून कान टवकारत आणि मी खडू आपटत असे.

बाई शोकांतिका शिकवायच्या. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रज नाटककाराच्या. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. एक तर ते सगळ्या जगाला ठाऊक आहे, आणि दुसरं म्हणजे माझ्याकडून स्पेलिंग चुकलं तर बाई या कागदावरही लाल रेघ मारतील. त्या स्वतः त्याला 'म्हातारा' म्हणत, जसा काही तो त्यांचा चुलत सासराच. "सर, आज म्हाताऱ्याचा चौथा अंक आहे, जरा आवाज होईल हं," असं सकाळी शिक्षकखोलीत मला आधी सांगून ठेवत. एवढं सौजन्य त्यांच्यात होतं. सांगून ठेवल्याने आवाज कमी होत नाही हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

बाई उंचीने पाच फूट, त्यातले दोन इंच अंबाड्याचे. स्वभावाने इतक्या मऊ, की वर्गात मधमाशी शिरली तर तास थांबवून खिडकी उघडून देणार. आणि अशी बाई दर वर्षी नववीच्या मुलांना गळा आवळणं, सुरा खुपसणं आणि पेल्यात विष कालवणं असले प्रकार अर्थासकट शिकवणार! त्यांचे यजमान टपाल कार्यालयात खिडकीवर बसायचे. त्यांना गोड शेवटाशिवाय काही झेपत नसे. संध्याकाळी घरी आले की दारातच चपला काढता काढता विचारायचे, "आज कोण गेलं?" आणि बाई आतून ओरडून सांगायच्या, "राणीचे वडील गेले! राजाचं परवा आहे!" नवीन राहायला आलेल्या शेजारीणबाई हे तीन दिवस ऐकत होत्या. चौथ्या दिवशी त्या पांढरी साडी नेसून, डोळ्याला पदर लावून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एकाच आठवड्यात एवढं! तुमच्या घरावर कुणाची नजर लागली हो?" यजमानांनी त्यांना आत बसवून चहा दिला आणि म्हातारा कोण ते समजावून सांगितलं. त्या गेल्या खऱ्या, पण पुढेही अधूनमधून 'आता सगळे बरे आहेत ना' म्हणून विचारत असत.

तर आता नियमाबद्दल. बाईंच्या पहिल्याच वर्षी असं झालं, की त्या एक मरणाचा प्रवेश फार जीव ओतून वाचत होत्या. वाचून मान वर केली तर मागच्या बाकावरचा एक दांडगा मुलगा बाकावर डोकं टेकून घोरत होता. बाई चिडल्या. चिडल्या म्हणजे त्यांच्या मानाने चिडल्या. म्हणाल्या, "तू तर म्हाताऱ्याच्याही आधी मेलास! झोप आता. मेलेल्याला गृहपाठ नाही." त्यांनी टोमणा मारला होता. वर्गाने तो शब्दशः घेतला. दुसऱ्या दिवशी बाई वर्गात शिरल्या तर एकूण एक पोरं हात वर करून उभी: "बाई, मी मरू?" "बाई, आज मी मरतो!" "बाई, काल मी पहिला हात वर केला होता!"

मी असतो तर छडी शोधली असती. बाई पाच मिनिटं खुर्चीवर बसून विचार करत राहिल्या, आणि मग त्यांनी नियम केला तो असा. कुणीही मरावं, पण म्हाताऱ्याने जिथे मारलं असेल तिथेच. मरण्याआधी आपलं शेवटचं भाषण इंग्रजीत, तोंडपाठ, एक शब्द न गाळता म्हणायचं. शब्द गाळला की जिवंत. एकदा मेलं की जिथे पडलो तिथे बेल होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, कुणी काही विचारलं तरी नाही. आणि नाटक संपेपर्यंत गृहपाठ माफ. पण गृहपाठ काही हवेत विरत नाही. तो मागे राहिलेल्यांनी लिहायचा: आज कोण मेलं, कसं मेलं आणि चूक कुणाची.

या नियमाने शाळेत जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. 'मी माझी आई आहे' हे वाक्य इंग्रजीत धड न म्हणणारी पोरं चाळीस-चाळीस ओळी घोकायला लागली. मैदानावर घोकत, नळावर रांगेत घोकत, माझ्या तासाला बाकाखाली घोकत. एका वर्षी तीन मुलं मधल्या सुट्टीत माझ्याकडे तक्ता घेऊन आली. नाटकातल्या प्रत्येक पात्राला किती ओळी पाठ कराव्या लागतात, तो कितव्या आठवड्यात मरतो आणि म्हणून किती आठवड्यांचा गृहपाठ वाचतो, असे तीन रकाने त्यांनी आखले होते आणि भागाकार करून 'फायद्याचं मरण' शोधून काढलं होतं. पहिल्या अंकात मरणारा एक पहारेकरी चौदा ओळींत दहा आठवडे वाचवत होता. त्यांना फक्त दशांशचिन्ह कुठे द्यायचं ते विचारायचं होतं. तोवरच्या माझ्या नोकरीत मुलांनी स्वतःहून आखलेला तो पहिला तक्ता. मी तो फाडायला हवा होता. मी दशांशचिन्ह दुरुस्त केलं आणि वर 'छान' लिहिलं.

याचा अर्थ मला सगळं पटत होतं असा कुणी घेऊ नये. माझा फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास बाईंनी तलवार म्हणून नेला आणि त्याचा एक पाय मोडून परत केला. गुण्या राजदंड झाला. कोनमापक कुणाच्या तरी डोक्यावर मुकुट म्हणून महिनाभर फिरत होता आणि मी चाळीस मुलांना कोन अंदाजाने शिकवत होतो. "सर, तुमच्याकडची हत्यारं फार चांगली आहेत," असं वर त्या हसून म्हणत. माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

मग मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, बदलल्या. नव्या मोठ्या बाई हुशार होत्या, टापटिपीच्या होत्या, आणि मुलांनी जगात उपयोगी पडेल तेच शिकावं असं त्यांचं म्हणणं होतं, जे ऐकायला चुकीचं वाटत नाही. त्यांच्या टेबलावर पालकांच्या तक्रारी साठत होत्या. एका आईने लिहिलं होतं की आपला मुलगा स्वयंपाकघरात ओट्याखाली मेल्याचा सराव करतो आणि त्याला ओलांडून ताटं वाढावी लागतात. एका वडिलांना मुलीने दहा मिनिटं उत्तर दिलं नव्हतं, कारण ती मेलेली होती. मोठ्या बाईंनी इंग्रजीच्या बाईंना बोलावून शांतपणे सांगितलं, "पुढच्या वर्षीपासून शोकांतिका बंद. त्याऐवजी अर्ज, पत्रं आणि मुलाखत. पुढच्या महिन्यात तपासणीला साहेब येणार आहेत. ते तुमचा तास बघतील. मुलं यातून काही शिकतायत असं त्यांनी म्हटलं, तरच राहू देईन."

त्या दिवशी बाई शिक्षकखोलीत माझ्यासमोर येऊन बसल्या. चहा निवून त्यावर साय धरली तरी कपाला हात नाही.

"सर, माझी चार वर्षं राहिलीत," त्या म्हणाल्या. "चार वर्षं मी काय शिकवू? 'सविनय विनंती' शिकवू? मला रजा हवी आहे, माझी टोपी हरवली आहे, हे शिकवू?"

"अर्ज उपयोगी असतो," मी म्हणालो.

"उपयोगी असतोच हो! पण कुणी गेल्यावर माणसाला काय अर्ज करता येतो? कुणाकडे करायचा?" एवढं बोलून त्यांनी तो निवलेला चहा एका घोटात पिऊन टाकला. मला त्यांची दया आली. कंपासाचा राग होता तो त्या दिवसापुरता मी बाजूला ठेवला.

त्या वर्षीचं नाटक राजवाड्यातलं होतं. राजा, राणी, राजपुत्र, आणि शेवटच्या अंकात सगळ्यांची वाट. राजपुत्राचा एक मित्र तेवढा उरतो. त्यालाही मरायचं असतं, पण राजपुत्र त्याला म्हणतो, तू थांब, मागे राहून आमची हकीकत सांग. आता वरच्या नियमाने बघितलं तर वर्गात या मित्राइतकं वाईट काम दुसरं नाही. सगळे मरणार आणि सगळ्यांचा गृहपाठ याच्या गळ्यात. ते काम कुणाला द्यायचं हे ज्या दिवशी ठरलं त्या दिवशी एक मुलगी गालगुंड होऊन घरी होती. न आलेल्याच्या पदरात काय पडतं ते सगळ्यांना माहीत आहे.

तिला मुलं 'हळूबाई' म्हणत. बोलणं इतकं हळू, की हजेरी घेताना 'हजर' म्हटलेलं ऐकू यायचं नाही आणि निम्म्या दिवशी तिची गैरहजेरी लागायची. इंग्रजीत दोनदा नापास. गाल उतरल्यावर शाळेत आली तर तिला कळलं की आपण मरणार नाही. तिने नवी वही आणली. तिची आई मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत आली आणि व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, बाईंना म्हणाली, "सगळ्यांची मुलं मेली, मग माझीच का जिवंत ठेवली? आम्ही गरीब म्हणून का?"

तिथे एक माणूस पाण्याच्या टाकीचं माप घ्यायला आला होता. तो टेप गुंडाळून जिना उतरून निघून गेला, आणि टाकी पुढे दोन महिने बसली नाही.

बाईंनी आईला समजावलं. पण नियम तो नियम. हळूबाई लिहीत राहिली. सुरुवातीला जिवंत बरेच होते, काम वाटून जायचं. मग एकेक जण पडायला लागला. म्हाताऱ्याने या नाटकात मारले मोजून नऊ, पण वर्ग बत्तिसांचा. बाईंनी त्यावर तोड काढली होती: राजवाडा म्हटला की सैनिक आले, आणि सैनिक किती हे म्हाताऱ्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही. सैनिकांनाही बारा-बारा ओळी पाठ होत्या. दर आठवड्याला दोन-चार सैनिक आडवे होत आणि हळूबाईची वही जाड होत जाई. ती माझ्या तासाला डोळे चोळत बसायची. मी तिला एकदोनदा रागावलोही, ते आठवून आता मला बरं वाटत नाही.

तपासणीच्या दोन दिवस आधी राणी गेली. म्हणजे खरीच गेली, वडिलांची बदली झाली म्हणून दाखला घेऊन दुसऱ्या गावी. राणीच्या ओळी दोन दिवसांत कोण पाठ करणार? बाईंना त्या झोपेतही येत होत्या. "मीच होते राणी," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोक्यातला बेत साधा होता. अकरा दहाला घंटा होईल, साहेब येऊन बसतील, आधी मेलेले आपापल्या जागी पडून असतील, उरलेली मुलं खणखणीत इंग्रजीत भाषणं म्हणत एकामागून एक मरतील, साहेब थक्क होतील. शेवटी घंटा झाली की आपण उठायचं आणि जे समजावून सांगायचं ते सांगायचं. बेतात खोट अशी नव्हती.

खोट माझ्यात होती. साहेब आधी माझ्या तासाला आले होते. सडसडीत, कमी बोलणारे गृहस्थ, हातात रकान्यांचा तक्ता. मी एक सिद्धांत सोडवून दाखवला आणि ते चक्क म्हणाले, "सुरेख." या शाळेआधीची तीन धरून बावीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी सुरेख म्हटलेलं नव्हतं. घंटा झाली, साहेब उठले, आणि मी, मोठ्या बाई डोळे वटारत असताना, म्हणालो, "साहेब, हाच सिद्धांत दुसऱ्या रीतीनेही सुटतो. बघता का?" तो दुसऱ्या रीतीने सुटायला सतरा मिनिटं लागली. मधे प्लायवूडच्या पलीकडून धडाधड माणसं पडल्याचे आवाज येत होते. मला ते ऐकू येत होते. पण साहेब पुन्हा 'सुरेख' म्हणतील अशी मला आशा होती, आणि आशेपुढे माणूस बहिरा होतो.

पलीकडे बाईंनी बरोबर अकरा दहाला सुरुवात केली होती. वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक. साहेब येतील, येतीलच, असं म्हणत त्या एकेक भाषण पुढे नेत राहिल्या, आणि म्हाताऱ्याचा पाचवा अंक एकदा सुटला की कुणाच्या बापाला थांबत नाही. राणीने प्यायचं तेव्हा राणीला प्यावंच लागलं.

अकरा सत्तावीसला साहेबांनी बाईंच्या वर्गाचं दार ढकललं. ते अर्धंच उघडलं, कारण दारामागे एक सैनिक पडला होता. साहेब अंग चोरून आत गेले, त्यांच्यामागे मोठ्या बाई, मागे मी. वर्गात बाकं भिंतीला लावलेली आणि जमिनीवर माणसंच माणसं. कुणी पालथं, कुणी उताणं, कुणी दुसऱ्याच्या पोटावर डोकं ठेवून. मी सवयीने मोजलं. तीस मुलं आणि एक बाई, एकूण एकतीस प्रेतं. बाई टेबलाच्या पायाशी कुशीवर पडल्या होत्या, अंबाडा सुटलेला, शेजारी लवंडलेला स्टीलचा पेला. आणि या सगळ्यांच्या मधोमध, माझा मोडका कंपास दोन्ही हातांत धरून, हळूबाई उभी.

साहेबांनी तक्त्याकडे पाहिलं. 'विद्यार्थ्यांचा सहभाग' असा एक रकाना होता. त्यांनी पुन्हा जमिनीकडे पाहिलं.

"बाई!" मोठ्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "अहो बाई, उठा! साहेब आलेत!"

बाई हलल्या नाहीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. डोळे मिटलेले, पण कपाळावर एक शीर उडत होती. त्या काय ठरवत होत्या ते मला कळत होतं. उठल्या तर तास वाचेल, बोलता येईल, साहेबांना सगळं पटवून देता येईल. पण मग तीस मुलं बघतील की मेलेल्याने बोलायचं नाही हा नियम फक्त मुलांना होता. न उठल्या तर पुढची चार वर्षं अर्ज.

त्या उठल्या नाहीत.

"राजा, तू ऊठ," मोठ्या बाई राजा झालेल्या, वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाला म्हणाल्या. तोही उठला नाही. त्याचे कान लाल झाले, एवढंच. मोठ्या बाईंनी एका सैनिकाला बुटाच्या टोकाने हळूच ढोसलं, तर तो तसाच घरंगळून पालथा झाला आणि पालथाच राहिला.

मग साहेब हळूबाईकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "इथे काय झालं?"

मी डोळे मिटून घेतले. संपलं, मी मनात म्हणालो. सगळ्या वर्गात ज्या एका मुलीला विचारू नये तीच तेवढी शिल्लक होती, आणि ही वेळ माझ्या दुसऱ्या रीतीने आणली होती. खाली तीस पोरांना उत्तर येत होतं, पाठ होतं, ओठांवर आलेलं होतं, आणि तीसच्या तीस जण श्वास रोखून पडून राहिले.

हळूबाई काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने," साहेब म्हणाले. रागावून नव्हे.

तिने कंपास टेबलावर ठेवला आणि दाराकडे चालत गेली, पहिल्या सैनिकापाशी. ती जे बोलली ते इंग्रजीत बोलली. मी मराठीत देतो, आणि देताना तिच्या चुका दुरुस्त करतो आहे असं कुणी समजू नये, त्या दुरुस्त होण्यापलीकडच्या होत्या. मेलेला माणूस तिच्या बोलण्यात उद्या मरणार होता आणि मारणारा काल जन्मला होता.

"हा पहिला मेला," ती म्हणाली. "याला का मारलं ते कुणालाच माहीत नाही. मी याच्याबद्दल एक पान लिहिलं. तरी मला कळलं नाही." ती पुढच्याकडे गेली. "हा आणि हा मित्र होते. यांना वाटलं चिठ्ठी दुसऱ्याची आहे. चिठ्ठी यांचीच होती." मग आणखी पुढे. "हा राजाचा म्हातारा प्रधान. फार बोलायचा. सगळे याला कंटाळायचे. आता कुणी बोलत नाही तर बरं वाटत नाही." राजापाशी ती थोडी थांबली. "सगळं यानेच केलं. मला वाटलं हा मेल्यावर मला आनंद होईल. पण हा पडला तेव्हा याचा मोजा फाटलेला दिसला."

राजाने पाय आखडला नाही. त्याचा मोजा खरंच फाटला होता.

अशी ती एकेकाजवळ जात राहिली, वाकून, एकही न चुकवता. आवाज वाढत होता हे तिच्याही लक्षात आलं नसावं. साहेब तिच्या मागोमाग चालत होते, प्रेतं चुकवत, तक्ता पाठीमागे धरून. शेवटी ती टेबलापाशी आली.

"या राणी," ती म्हणाली. "या परवापर्यंत राणी नव्हत्या. आमची राणी बदली होऊन गेली म्हणून या झाल्या. यांना मरायची काही गरज नव्हती." आणि इथे तिचा आवाज फुटला. "हे सगळे मजेत आहेत. मेले की यांचं संपतं. माझं नाही संपत! रोज मीच लिहिते. हा कसा होता, तो कसा होता, सगळं मला आठवावं लागतं, आणि मी विसरले तर ते कुणालाच माहीत नसणार. मला नको होतं हे काम. मी त्या दिवशी नव्हते म्हणून दिलं!"

ती रडायला लागली. नाटकातलं रडणं नव्हे, नाक लाल करून, हुंदके देत, रागारागाने. वर्गात कुणी हसलं नाही. एका सैनिकाच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं आणि त्याला ते पुसता आलं नाही. मला भरून आलं, हे मी गणिताचा मास्तर असूनही कबूल करतो. एकोणीस वर्षं मला ज्या किंकाळ्यांचा त्रास झाला त्या कशासाठी होत्या, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"साहेब, माफ करा," मोठ्या बाई पुढे झाल्या. "मी म्हटलंच होतं. पुढच्या वर्षीपासून आम्ही अर्ज आणि पत्रं..."

साहेबांनी हात वर केला. ते गुडघ्यांवर हात टेकून बाईंजवळ वाकले.

"बाई," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी कोणतं नाटक घेणार आहात?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. कपाळावरची शीर थांबली होती आणि मिटलेल्या ओठांच्या एका कोपऱ्याशी त्या मोठ्या निकराने झगडत होत्या, पण उत्तर दिलं नाही. साहेब वाकलेले, मोठ्या बाई तोंड उघडं टाकून बघतायत, आणि हळूबाईने बाहीने नाक पुसलं.

"साहेब, त्या मेल्यात," ती मोठ्याने, स्वच्छ म्हणाली. "बेल झाल्यावर विचारा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. अकरा एकेचाळीस झाले होते आणि तास अकरा पन्नासला संपायचा होता. त्यांनी भिंतीजवळचं एक बाक ओढलं, एका सैनिकाचा पाय अलगद उचलून बाजूला ठेवला आणि तक्ता मांडीवर घेऊन घंटेची वाट बघत बसले.